रॉरीच्या गावात

आयर्लंड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिरवीगार कुरणं, गिनेसचा काळाकुट्ट ग्लास, 'रिव्हरडान्स' आणि यूटूचा तो कायम गॉगलमधला बोनो. ज्यांची बहीण नाहीतर मित्र तिकडे ऑनसाइट आहे, त्यांना आणखी एक गोष्ट आठवेल : पाऊस. फोन केला की पहिलं वाक्य पावसाचं आणि शेवटचंही पावसाचंच.

पण याच देशात एक असं शहर आहे, जिथे बोनोचं नाव घेतलंत तर लोक हसून मान डोलावतील आणि लगेच दुसरंच नाव पुढे करतील. शहर आहे कॉर्क आणि नाव आहे रॉरी गॅलहर. स्पेलिंग बघून आपण 'गॅलॅगर' म्हणतो. कॉर्कमध्ये मधला 'ग' गिळून टाकायचा असतो. 'गॅलहर' म्हणालात की समोरचा माणूस खूश होतो आणि मग तुमची अर्ध्या तासाची निश्चिंती!

कॉर्क हे आयर्लंड प्रजासत्ताकातलं दुसऱ्या नंबरचं शहर. हे वाक्य मात्र तिथे उच्चारायचं नाही. कॉर्ककरांच्या मते खरी राजधानी कॉर्कच, डब्लिन आपलं सरकारी कामापुरतं. (पुणेकरांना हे चटकन कळेल. मुंबईकरांनी हसू नये.) लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या घरात, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. ली नदी शहराच्या तोंडाशी दोन फाट्यांत विभागते आणि पुन्हा एक होते, त्यामुळे मधला सगळा बाजार म्हणजे चक्क एक बेट आहे. वर होलीहिलच्या टेकडीवर अॅपलचं ऑफिस. ते 1980 पासून इथे आहे, म्हणजे आयफोन-आयपॉडच्या कितीतरी आधीपासून. इथली बोली तर ऐकण्यासारखीच. साधी बस कुठे थांबते हे विचारलं तरी उत्तर सुरात येतं, चढ-उतारांसकट.

डब्लिनहून ट्रेनने अडीच-पावणेतीन तासांत कॉर्कच्या केंट स्टेशनवर उतरायचं आणि चालत सुटायचं. पाच-दहा मिनिटांत मॅकर्टन स्ट्रीट लागतो. टोमास मॅकर्टन हे कॉर्कचे महापौर. स्वातंत्र्ययुद्धात 1920 साली त्यांना राहत्या घरी गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्या नावाचा हा रस्ता. आज इथे एव्हरीमन थिएटर आहे, मेट्रोपोल हे जुनं हॉटेल आहे, पब आहेत, कॉफी आहे. संध्याकाळी ऑफिसं सुटली की सॉलिड गर्दी. याच रस्त्यावर रॉरीच्या आजोळचा पब होता. खाली बार, वर घर. रॉरी, त्याचा धाकटा भाऊ डोनल आणि आई मोनिका इथे राहायला आले, तेव्हा तो शाळकरी पोरगा होता.

त्याचा जन्म मात्र कॉर्कचा नाही. तो 2 मार्च 1948 रोजी पार वायव्येला, डोनेगल काउंटीतल्या बॅलीशॅननमध्ये झाला. हॉस्पिटलचं नाव : रॉक हॉस्पिटल. खोटं वाटेल, पण खरं आहे. हॉस्पिटल ज्या भागात होतं त्याचंच नाव 'द रॉक'. वडील डॅनियल अर्न नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पात कामाला आणि फावल्या वेळात अकॉर्डियन वाजवणारे. आई नाटकात काम करणारी, गाणारी. पुढे हे कुटुंब काही वर्षं डेरीत राहिलं आणि मग आईच्या माहेरी कॉर्कला आलं.

त्या काळच्या आयरिश रेडिओवर रॉक अँड रोल जवळपास नव्हताच. पोरगा रात्री कान लावून रेडिओ लक्झेंबर्ग ऐकायचा आणि युरोपात तैनात असलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी लागणारं स्टेशन पकडायचा. लॉनी डॉनेगन, बडी हॉली, एडी कॉक्रन; मग त्यांच्याही मागे जात वुडी गथ्री, लेडबेली आणि सरतेशेवटी मडी वॉटर्स. शिकागोच्या काळ्या वस्तीतला ब्लूज कॉर्कच्या एका पबच्या माडीवर असा पोचला. नवव्या वर्षी त्याच्या हातात गिटार आली. शिकवायला कोणी नाही. पुस्तकं आणि कान, एवढंच भांडवल.

शंभर पौंडांचा ईएमआय

आता मुद्द्याची गोष्ट. 1963 सालचा ऑगस्ट महिना. कॉर्कच्या 'क्राउलीज' या वाद्यांच्या दुकानात एक सेकंडहँड फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर लावलेली होती. 1961 चं मॉडेल, सनबर्स्ट रंगाचं. म्हणजे मध्ये पिवळसर आणि कडेला गडद तपकिरी होत जाणारं, मावळतीच्या आभाळासारखं. आयर्लंडमध्ये आलेली ही पहिलीच स्ट्रॅटोकॅस्टर, असं म्हणतात. ती मुळात मागवली होती रॉयल शोबँडच्या गिटारिस्टने. त्याला हवी होती लाल, कंपनीने पाठवली सनबर्स्ट. लाल येईपर्यंत त्याने ती वापरली आणि मग दुकानात परत आली.

किंमत शंभर पौंडांच्या जवळपास. रॉरी पंधरा वर्षांचा. आई काटकसर करून घर चालवणारी. तिला उधारीची धास्ती वाटणं साहजिक होतं. पोराने मग तिला एक हिशेब पटवला : या एका गिटारवर लीडही वाजवता येतं आणि ऱ्हिदमही, म्हणजे दुसरा गिटारिस्ट ठेवायला नको, म्हणजे उलट पैसे वाचतीलच ना! होम लोनसाठी बायकोला पटवताना तुम्ही वापरता तेच लॉजिक. गिटार हप्त्यांवर घेतली गेली.

हे हप्ते फेडायचे तर कमाई हवी आणि त्या वेळी आयर्लंडमध्ये गिटार वाजवून कमाई करायची एकच जागा होती : शोबँड. शोबँड म्हणजे काय? आपल्याकडच्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचा चुलतभाऊ म्हणा. सात-आठ जण, सगळ्यांना एकसारखे सूट, ट्रम्पेट-सॅक्सोफोन आणि त्या आठवड्याची सगळी हिट गाणी जशीच्या तशी. गावोगावचे डान्स हॉल त्यावर चालायचे. चाळीस दिवसांच्या उपासाच्या काळात, म्हणजे लेंटमध्ये, हॉल बंद झाले की हे बँड इंग्लंडातल्या आयरिश मजुरांच्या वस्त्यांमध्ये वाजवायला जायचे. रॉरी 'फाँटाना' नावाच्या शोबँडमध्ये शिरला. दिवसा शाळा, रात्री व्हॅन. सूट घालून इतरांची गाणी वाजवणं त्याला मनापासून आवडत नव्हतं, पण तालीम भरपूर झाली. तीन-तीन, चार-चार तास स्टेजवर न थकता उभं राहायची सवय तिथली.

हळूहळू या बँडमधली जास्तीची मंडळी गळली आणि उरले तिघे. हॅम्बर्गच्या क्लबवाल्याला तीन माणसांचा बँड नको होता. मग एका मित्राला ऑर्गनपाशी उभं करून फोटो काढला आणि तिकडे पोचल्यावर सांगितलं, चौथ्याला अपेंडिक्सचा त्रास झालाय. हा किस्सा रॉरी पुढे हसत हसत सांगायचा.

गिटारची मात्र एकदा भलतीच परीक्षा झाली. डब्लिनमध्ये व्हॅनमधून ती चोरीला गेली. टीव्हीवरच्या पोलिसांच्या कार्यक्रमातही तिचा उल्लेख झाला. काही दिवसांनी ती सापडली ती उघड्यावर, पावसात भिजलेली. रंगाचे पोपडे निघायला लागले होते. रॉरीने ठरवलं, आता ही कधी विकायची नाही आणि कधी रंगवायचीही नाही. उरलेलं काम त्याच्या घामाने केलं. हा माणूस स्टेजवर अक्षरशः निथळायचा. तो घाम लाकडावरचं लॅकर खात गेला आणि काही वर्षांत सनबर्स्टचा 'सन' मावळून नुसतं उघडं लाकूड उरलं. आज गिटार कंपन्या मुद्दाम खरवडलेल्या, जुनाट केलेल्या गिटारी जास्त किमतीला विकतात. रॉरीच्या स्ट्रॅटची तशीच झिजलेली प्रतिकृती खुद्द फेंडरनेच बाजारात आणली. म्हणजे दुसऱ्याचा घाम विकत मिळतो! असो.

नदीच्या पलीकडे

मॅकर्टन स्ट्रीटवरून पूल ओलांडून बेटावर आलात की सेंट पॅट्रिक स्ट्रीटच्या मागे पॉल स्ट्रीट आहे. दोन्ही बाजूंना दुकानं, वाहनांना बंदी, कोपऱ्यावर कुणीतरी पोरगा गिटार घेऊन गातोय. तिथलाच छोटा चौक म्हणजे रॉरी गॅलहर प्लेस. 1997 साली इथे एक ब्राँझचं शिल्प बसवलं. त्यात रॉरीचा चेहरा नाही. एक वाकलेली, वितळल्यासारखी स्ट्रॅट आहे आणि तिच्यातून गाण्याच्या ओळी वाहत बाहेर येताहेत. शिल्पकार जेराल्डिन क्रीडन ही त्याची लहानपणची मैत्रीण. ग्रँड परेडवरच्या सिटी लायब्ररीतल्या संगीत विभागालाही त्याचंच नाव आहे. तिथे आत शिरून हेडफोन लावा, बाहेर पाऊस असतोच. मग इंग्लिश मार्केटमध्ये जाऊन काहीतरी गरम खा. शँडनच्या चर्चमध्ये वर चढून घंटा तुम्हाला स्वतःला वाजवता येतात. पर्यटकांचं आवडतं काम आहे ते. खाली राहणाऱ्यांचं काय होत असेल देव जाणे.

याच शहरात 1966 साली त्याने 'टेस्ट' हा आपला बँड काढला. मग मुक्काम बेलफास्टला आणि तिथून लंडनला. 1968 मध्ये बँड बदलला. सोबतीला बेलफास्टचे रिचर्ड मॅक्रॅकन आणि जॉन विल्सन आले. त्या नोव्हेंबरमध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एरिक क्लॅप्टनच्या 'क्रीम'ची निरोपाची मैफल झाली, तिच्या आधी वाजवणाऱ्यांत 'टेस्ट' होता. 1970 च्या ऑगस्टमध्ये आइल ऑफ वाइटच्या प्रचंड फेस्टिव्हलमध्ये या तिघांनी लाखोंच्या गर्दीला पुन्हा पुन्हा 'वन्स मोअर' द्यायला लावलं. आणि गंमत म्हणजे, तेव्हा हे तिघं एकमेकांशी धड बोलतही नव्हते. मॅनेजर, पैसे, करार... नेहमीचीच रड. वर्षअखेरीला बँड संपला. त्यानंतर रॉरीने स्वतःच्या नावाने काम केलं आणि धंद्याचं सगळं भावाकडे, डोनलकडे सोपवलं.

लंडनच्या मार्की क्लबमध्ये त्याला ऐकायला येणाऱ्यांत एक लांब केसांचा विद्यार्थी असायचा. एकदा कार्यक्रम संपल्यावर थांबून त्याने विचारलं, हा आवाज कसा काढता? रॉरीने आडपडदा न ठेवता दाखवलं : व्हॉक्सचा एसी थर्टी अँप्लिफायर आणि मध्ये एक छोटं ट्रेबल बूस्टर. तो विद्यार्थी म्हणजे पुढे 'क्वीन'चा ब्रायन मे. आपला सगळा आवाज त्या दिवसातून आला हे तो आजही मोकळेपणाने सांगतो.

1971 मध्ये तर लहानपणीचा देवच भेटला. मडी वॉटर्स लंडनमध्ये रेकॉर्डिंग करत होता आणि रॉरीला बोलावणं आलं. रॉरीचे बाहेरगावी कार्यक्रम ठरलेले. कार्यक्रम उरकून गाडी हाकत तो रात्री स्टुडिओत पोचायचा. उशीर झाला म्हणून ओशाळायचा, तर मडी वॉटर्स शांतपणे त्याची वाट बघत बसलेला असे. त्याच वर्षी 'मेलडी मेकर' साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला पहिल्या नंबरचा गिटारिस्ट निवडलं, क्लॅप्टनच्याही वर.

आणि एवढं होऊनही अंगात काय? चौकड्यांचा शर्ट आणि जीन्स. तो काळ चकचकीत कपड्यांचा, उंच टाचांच्या बुटांचा, गालावर चमकी लावण्याचा. हा मात्र एखाद्या गॅरेजमधून थेट स्टेजवर आल्यासारखा दिसायचा. आपण सगळे शुक्रवारी ऑफिसला तसा शर्ट घालतो, त्याला 'कॅज्युअल' म्हणतो. त्याचा तोच युनिफॉर्म होता.

बेलफास्ट

कॉर्कहून बेलफास्ट म्हणजे देशाची सीमा ओलांडणं. आज तिथे चौकी नाही, काटेरी तार नाही. किलोमीटरच्या पाट्या मैलांत बदलल्या की समजायचं, आपण ब्रिटनमध्ये आलो. (आपल्या पासपोर्टवाल्यांनी मात्र फसू नये. चौकी नाही याचा अर्थ व्हिसा लागत नाही असा नव्हे. नॉर्दर्न आयर्लंडसाठी तुमच्याकडचा व्हिसा चालतो का, हे निघण्याआधी बघून घ्या.)

सत्तरच्या दशकात मात्र इथे सैनिक होते, तपासणी नाके होते आणि बाँब होते. 1960 च्या दशकाच्या शेवटी सुरू झालेल्या या संघर्षात 1998 च्या करारापर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. कॅथलिक-प्रोटेस्टंट, आयरिश-ब्रिटिश अशा रेघा गल्लीगल्लीत ओढल्या गेल्या होत्या. संध्याकाळ झाली की शहराचा मध्यभाग ओस. बाहेरचे बँड बेलफास्टचं नावही काढत नव्हते आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? 1975 च्या जुलैमध्ये 'मायामी शोबँड'ची व्हॅन सीमेच्या अलीकडे रात्री अडवली गेली आणि बँडमधल्या तिघांना मारण्यात आलं. रॉरी ज्या शोबँडच्या व्हॅनमधून पोरवयात फिरला होता, तशीच व्हॅन. तशीच माणसं.

रॉरी येत राहिला. नवीन वर्षाच्या आसपास घरी आयर्लंडला यायचं आणि दौऱ्यात बेलफास्ट असायचंच. बेडफर्ड स्ट्रीटवरचा अल्स्टर हॉल 1862 सालचा. बाहेरून साधा, आत उंच छत आणि भलामोठा पाइप ऑर्गन. त्या रात्री दोन्ही बाजूंची पोरं त्या एका हॉलमध्ये शेजारी शेजारी उभी राहायची. शेजारचा कुठल्या गल्लीतला आहे हे कोणी विचारायचं नाही. रॉरीने यावर कधी भाषण दिलं नाही, शांततेवर गाणं लिहिलं नाही. मला वाटतं त्याचं मोल म्हणूनच जास्त. तो आला, दोन-तीन तास वाजवलं, घामाने चिंब झाला आणि पुढच्या वर्षी पुन्हा आला.

जानेवारी 1974 च्या दौऱ्यात टोनी पामर नावाचा दिग्दर्शक कॅमेरा घेऊन सोबत होता. बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कच्या त्या मैफलींतून 'आयरिश टूर' हा फिल्मही आला आणि त्याच नावाचा डबल अल्बमही. रॉरीचं काहीच ऐकलं नसेल तर सुरुवात इथूनच करा. स्टुडिओतल्या रॉरीपेक्षा स्टेजवरचा रॉरी दहापट मोठा, हे त्याचे भक्तसुद्धा मान्य करतात. शेजारी बासवर बेलफास्टचाच गेरी मॅकअव्हॉय; हा जवळजवळ वीस वर्षं त्याच्याबरोबर राहिला.

4 जानेवारी 2025 रोजी अल्स्टर हॉलच्या बाहेर रॉरीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. कॉर्कच्या माणसाचा पुतळा बेलफास्टमध्ये! या शहरात कुणाचा पुतळा कुठे उभा करायचा यावर भांडणं सहज होतात. रॉरीच्या खाली फोटो काढायला मात्र रांग लागते.

नाही म्हणणारा माणूस

करिअरच्या दृष्टीने पाहिलं तर रॉरी म्हणजे एचआरवाल्यांना झोप येऊ नये अशी केस. रेकॉर्ड कंपनी म्हणायची सिंगल काढू, रेडिओवर गाजेल. तो म्हणायचा नाही. सिंगलसाठी गाणं कापायचं, टीव्हीवर नुसते ओठ हलवायचे, हे त्याला पटत नव्हतं. तरीही त्याच्या रेकॉर्ड्स जगभर तीन कोटींच्या घरात खपल्या असं सांगितलं जातं.

1974 च्या शेवटी मिक टेलर रोलिंग स्टोन्समधून बाहेर पडला. जानेवारीत रॉरीला रॉटरडॅमला बोलावणं आलं. हा गिटार आणि अँप्लिफायर घेऊन एकटाच पोचला. दोन-तीन रात्री वाजवलं, जमलंही चांगलं. पण नक्की काय ते कोणी सांगेना. डोनलने नंतर सांगितलेली हकिकत अशी की, मिक जॅगर म्हणाला, कीथशी बोलून घे. रॉरी गेला तर कीथ रिचर्ड्स गाढ झोपलेला. रात्रभर हा मधून मधून डोकावत राहिला. सकाळी त्याचं जपानचं विमान होतं, तिथल्या दौऱ्याची तिकिटं विकली गेली होती. तो सरळ विमानतळावर गेला. दुसरा कोणी असता तर जपानला फोन करून आजारी पडला असता. आपण सगळे एखाद्या इंटरव्ह्यूसाठी पडतोच की!

1977 ची गोष्ट त्याहून भारी. सॅन फ्रान्सिस्कोत मोठा प्रोड्यूसर, महागडा स्टुडिओ, पूर्ण अल्बम तयार. रॉरी मिक्सिंगवर नाराज. त्याच मुक्कामात, जानेवारी 1978 मध्ये त्याने सेक्स पिस्टल्सचा शेवटचा कार्यक्रम पाहिला आणि त्या रांगड्या आवाजाने त्याच्या डोक्यात ठिणगी पडली. त्याने तयार अल्बम रद्द केला. बँड मोडला. आणि मग नव्या दमाने 'फोटो फिनिश' काढला. ती रद्द केलेली रेकॉर्डिंग्ज बाहेर यायला 2011 उजाडलं. ऐकून माझं मत : इतकी वाईट नव्हती रे बाबा. पण निर्णय त्याचा होता.

गिटारच्या आतषबाजीत त्याची गाणी लिहिण्याची बाजू झाकली जाते, ही माझी जुनी तक्रार आहे. 'टॅटूड लेडी' हे जत्रेतल्या फिरत्या तंबूतल्या माणसांचं गाणं आहे. 'अ मिलियन माइल्स अवे' भरलेल्या बारमध्ये बसलेल्या एकट्या माणसाचं. 'फिल्बी' तर थेट किम फिल्बी या डबल एजंटवर. परक्या देशात नाव बदलून राहणारा हेर आणि हॉटेलांमधून आयुष्य काढणारा संगीतकार यांच्यात रॉरीला साम्य दिसलं. आणि ऐका, त्यात सतारीसारखा जो आवाज येतो ती इलेक्ट्रिक सतार आहे! डॅशियल हॅमेटच्या रहस्यकथांचा तो निस्सीम भक्त होता, त्यावरही त्याची गाणी आहेत. 'गोइंग टू माय होमटाउन' हे मँडोलिनवर पाय आपटत गायचं गाणं. त्यात हेन्री फोर्डचा उल्लेख येतो. कॉर्कमध्ये फोर्डचा कारखाना होता, पिढ्यान्‌पिढ्या घरं त्यावर चालली. 1984 मध्ये तो बंद झाला. डनलपचा टायर कारखाना त्याच्या वर्षभर आधी. त्या पडझडीतून गेलेल्या कॉर्ककरांना ते गाणं कसं ऐकू येत असेल, हे होलीहिलच्या ऑफिसातल्या नव्या पोरांना सांगून कळणार नाही.

हॉटेलांची सवय पुढे महागात पडली. लग्न केलं नाही. वर्षातले कितीतरी महिने रस्त्यावर. त्यातच विमानाची भीती बसली. भीतीवर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांवर दारू. ऐंशीच्या दशकात चेहरा सुजायला लागला, स्टेजवर जाणं अवघड झालं. शेवटची काही वर्षं लंडनच्या एका हॉटेलात एकटाच राहिला. जानेवारी 1995 मध्ये नेदरलँड्समध्ये शेवटचं वाजवलं. यकृत पार निकामी झालं होतं. प्रत्यारोपण झालं, तब्येत सुधारतेय असं वाटत असतानाच जंतुसंसर्ग झाला आणि 14 जून 1995 ला तो गेला. वय 47.

कॉर्कमध्ये अंत्ययात्रेला रस्त्याच्या दुतर्फा हजारो माणसं उभी होती. शहराबाहेर बॅलिनकॉलिगजवळ सेंट ऑलिव्हर्स दफनभूमी आहे. तिथे त्याची कबर शोधावी लागत नाही. सूर्यकिरणांसारखा पसरलेला चमकता दगड लांबूनच दिसतो. 1972 मध्ये मिळालेल्या एका पुरस्काराच्या आकारावरून तो घडवलाय. पायथ्याशी गिटारची पिक्स ठेवलेली असतात.

मग ती गिटार?

तीस वर्षं ती डोनलच्या ताब्यात होती. 2024 मध्ये कुटुंबाने रॉरीच्या वाद्यांचा संग्रह लिलावाला काढला आणि आयर्लंडमध्ये गहजब झाला. कॉर्कच्या दुकानातली, हप्त्यांवर घेतलेली, त्याने कधी न विकलेली गिटार कुणा अब्जाधीशाच्या तिजोरीत जाणार? सरकारने ती विकत घ्यावी अशी मागणी झाली, राजकारणी बोलायला लागले. दुसरी बाजूही होती. सत्तरी गाठलेल्या भावाने सगळं आयुष्य त्या वारशाला वाहिलं, आता त्याने काय फक्त पहारेकरी म्हणून राहायचं? या प्रश्नावर कॉर्कमध्ये दोन माणसांची तीन मतं ऐकायला मिळतात.

17 ऑक्टोबर 2024, लंडन, बॉनहॅम्स. सगळं धरून बोली थांबली 8 लाख 89 हजार 400 पौंडांवर. घेणारी होती एक मोठी आयरिश संगीत-कार्यक्रम कंपनी आणि तिने ती गिटार आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. म्हणजे गिटार देशातच राहिली. संग्रहालय मात्र डब्लिनचं. कॉर्ककरांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा!

वेळ असेल तर बॅलीशॅननलाही जा. डब्लिनहून डोनेगलची बस थेट जाते, पण वाटेत नॉर्दर्न आयर्लंडमधून. व्हिसाची भानगड नको असेल तर ट्रेनने स्लायगो गाठून पुढे बस पकडा. गाव दोन-अडीच हजार वस्तीचं, चढावर वसलेलं. विल्यम अॅलिंगहॅम हा एकोणिसाव्या शतकातला कवी इथलाच. ज्या प्रकल्पावर रॉरीचे वडील राबले, त्या धरणात गावाचा जुना असारो धबधबा गेला, वीज आली. चौकात, 'द डायमंड'वर, रॉरीचा पुतळा 2010 पासून उभा आहे : गिटार पुढे रोखलेली, केस उडताहेत. वर्षभर हे गाव शांत असतं. जूनच्या सुरुवातीच्या लाँग वीकेंडला मात्र इथे रॉरीच्या नावाचा फेस्टिव्हल भरतो आणि जर्मनी, हॉलंड, जपानहून चौकड्यांचे शर्ट घातलेली माणसं उतरतात. पबपबांत बँड, फुटपाथवर बँड. दहा वर्षांची पोरं झिजलेल्या स्ट्रॅट घेऊन वाजवताना दिसतील. खोल्या वर्षभर आधी भरतात, तेव्हा बुकिंग आत्ताच बघा. आणि रेनकोट विसरू नका, छत्री तिथल्या वाऱ्यात टिकत नाही.